विश्लेषण : रामदासपेठेत दारोदारी रुग्णालये, तरी स्ट्रोकच्या रुग्णाचा वेळ जातो कुठे?

नागपूरच्या पंचशील चौकातून लोकमत चौकाकडे निघाले, की वर्धा रोडच्या उजव्या हाताला रामदासपेठ आणि डाव्या हाताला धंतोली. मेंदूविकारतज्ज्ञांचे दवाखाने, अतिदक्षता विभाग असलेली रुग्णालये, सीटी-एमआरआयची केंद्रे, पॅथॉलॉजी लॅब, औषधांची दुकाने असे सगळे या दोन वस्त्यांत चालत जाण्याच्या अंतरावर आहे. गोंदिया, चंद्रपूर, यवतमाळपासून मध्य प्रदेशातील छिंदवाडा, बालाघाटपर्यंतचे रुग्ण याच गल्ल्यांत येतात. खाटा किती, मशीन कोणते, कॅशलेस कोणत्या कंपन्यांचे, हे रुग्णालयांच्या फलकांवर असते. पण स्ट्रोकचा, म्हणजे बोलीभाषेत लकव्याचा रुग्ण दारात आल्यापासून त्याला पहिले औषध टोचेपर्यंत किती मिनिटे जातात, हे त्यावर नसते. रुग्ण घरी चालत जाणार की व्हीलचेअरवर, हे मात्र बऱ्याच अंशी त्याच मिनिटांवर ठरते.

मिनिटांचा हिशेब एवढा कशासाठी?

स्ट्रोकमध्ये मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा अचानक थांबतो. बहुतेकदा रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली असते, काही रुग्णांत वाहिनी फुटून रक्तस्राव होतो. अमेरिकेतील मेंदूविकारतज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये गुठळीच्या स्ट्रोकचा हिशेब मांडला. मोठी वाहिनी बंद पडली आणि उपचार मिळाले नाहीत, तर सरासरी रुग्णाच्या मेंदूतील सुमारे १९ लाख चेतापेशी दर मिनिटाला मरतात.

गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तीन तासांच्या आत दिल्यास अपंगत्व कमी होते, हे १९९५ मध्ये अमेरिकेतील चाचणीत सिद्ध झाले. २००८ मध्ये युरोपातील चाचणीने ही मुदत साडेचार तासांवर नेली. पण मुदत वाढली म्हणजे घाई संपली, असे नाही. अशा अनेक चाचण्यांतील रुग्णांची एकत्र आकडेवारी २०१४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आली. तीन तासांच्या आत इंजेक्शन मिळालेल्यांपैकी सुमारे ३३ टक्के रुग्ण जवळजवळ पूर्ववत झाले, इंजेक्शन न मिळालेल्यांत हे प्रमाण २३ टक्के होते. तीन ते साडेचार तासांच्या गटात हेच आकडे ३५ आणि ३० असे होते. दोन्ही गटांतील रुग्ण वेगळे, त्यामुळे ३३ आणि ३५ यांची आपसात तुलना करण्यात अर्थ नाही. पाहायचा तो औषधाने पडलेला फरक. तो शंभरात दहा रुग्णांवरून पाचवर आला. एवढ्याशा उशिराने फायदा निम्म्यावर येतो.

२०१५ मध्ये दुसरा मोठा टप्पा आला. मांडीतील रक्तवाहिनीतून नळी मेंदूपर्यंत नेऊन गुठळी बाहेर काढण्याचा उपचार मोठ्या गुठळ्यांवर परिणामकारक असल्याचे एकामागोमाग पाच चाचण्यांनी दाखवले. २०१८ मध्ये काही निवडक रुग्णांसाठी त्याची मुदत २४ तासांपर्यंत गेली. ‘आता २४ तास असतात’ असा समज इथूनच पसरला आणि तो घातक आहे. मेंदूचा बराच भाग अजून जिवंत आहे, असे स्कॅनमध्ये दिसणाऱ्यांनाच ही सवलत आहे. बाकीच्यांसाठी घड्याळ जुनेच.

रुग्णालयातील ‘प्रतीक्षा’ कशी मोजतात?

बाह्यरुग्ण विभागातील रांग वेगळी आणि ही प्रतीक्षा वेगळी. स्ट्रोकमध्ये रुग्ण तातडीच्या विभागाच्या दारातून आत आल्यापासून इंजेक्शनची सुई टोचेपर्यंतचा वेळ मोजतात. त्याला ‘दार ते सुई’ म्हणता येईल. अमेरिकेत नव्वदच्या दशकातच त्याचे टप्पे ठरले : १० मिनिटांत डॉक्टरने पाहावे, २५ मिनिटांत सीटी स्कॅन व्हावा, ४५ मिनिटांत तो वाचला जावा आणि ६० मिनिटांत औषध सुरू व्हावे. आता बरीच केंद्रे ४५, तर काही ३० मिनिटांचे लक्ष्य ठेवतात.

ही लक्ष्ये केवळ कागदी शिस्त नाहीत. अमेरिकेतील सुमारे ५८ हजार रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. स्ट्रोक सुरू झाल्यापासून इंजेक्शनपर्यंतचा वेळ १५-१५ मिनिटांनी कमी होत गेला, तसे रुग्णालयातील मृत्यू आणि मेंदूतील रक्तस्राव घटले आणि घरी जाताना स्वतः चालू शकणारे वाढले, असे त्यात दिसले. २०२० मधील आणखी एका अभ्यासात तिथल्याच ६१ हजारांहून अधिक वृद्ध रुग्णांचा वर्षभर मागोवा घेतला गेला. दार ते सुई हा वेळ ४५ मिनिटांच्या आत होता, त्यांच्यात वर्षभरातील मृत्यूचे प्रमाण ३०.८ टक्के होते. ४५ मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागलेल्यांत ते ३५ टक्के होते. उशिरा औषध मिळालेले रुग्ण इतर कारणांनीही थोडे वेगळे असू शकतात, हे धरूनही कल स्पष्ट आहे.

दारातून आत आल्यावर वेळ कुठे जातो?

समजा, हिंगण्याच्या एमआयडीसीतील ५५ वर्षांच्या कामगाराचा उजवा हात सकाळी साडेनऊला लुळा पडला आणि सव्वादहाला तो रामदासपेठेतील रुग्णालयाच्या दारात पोहोचला. म्हणजे तो लवकर आला आहे. आता पुढचा क्रम पाहू. नातेवाईक काउंटरवर नाव नोंदवतात. ड्युटीवरील डॉक्टर तपासतात. रक्ताचे नमुने जातात. अहवाल आल्यावर सीटीला पाठवायचे ठरते. आधीचा रुग्ण टेबलावर असतो. स्कॅन होतो, फिल्म निघते, मेंदूविकारतज्ज्ञांना फोन जातो. ते दुसऱ्या रुग्णालयात राउंडवर असतात. ते आल्यावर नातेवाइकांशी बोलणे होते. नातेवाईक गावी फोन लावतात. औषध आणायची चिठ्ठी मिळते. खालच्या दुकानात पैसे भरून औषध वर येते. आता पाऊण वाजलेला असतो.

या यादीत कुणीही आळस केलेला नाही. प्रत्येकाने आपले काम दहा-पंधरा मिनिटांत केले. पण प्रत्येक काम आधीचे संपल्यावर सुरू झाले, हीच अडचण. कारखान्यात यंत्रे एकामागे एक लावली, तर सगळ्यात संथ यंत्र साखळी अडवते. इथे तर प्रत्येक सांध्यावर थांबा आहे.

फिनलंडमधील हेलसिंकीच्या विद्यापीठ रुग्णालयाने नेमके हेच ओळखले. १९९८ मध्ये तिथे दार ते सुई हा वेळ १०५ मिनिटे होता. २०११ पर्यंत तो २० मिनिटांवर आला. त्यासाठी त्यांनी कोणतेही नवे औषध शोधले नाही. रुग्णवाहिकेतून आधीच फोन येऊ लागला. रुग्ण वाटेत असतानाच जुनी कागदपत्रे काढून ठेवली जाऊ लागली. रुग्ण तातडीच्या विभागातील खाटेवर न थांबता रुग्णवाहिकेच्याच स्ट्रेचरवरून थेट सीटीच्या टेबलावर जाऊ लागला. औषध तिथेच तयार ठेवले गेले आणि सीटीच्या खोलीतच पहिला डोस दिला जाऊ लागला. रक्ताचे सगळे अहवाल येईपर्यंत थांबणे बंद झाले. असे बारा बदल वर्षानुवर्षे एकेक करून झाले. पुढे ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या एका रुग्णालयाने त्यातले मुख्य बदल उचलले आणि काही महिन्यांतच दिवसपाळीतील वेळ २५ मिनिटांवर आणला. म्हणजे ही फिनलंडच्या थंड हवेची किमया नव्हे.

यातील एकाही गोष्टीला कोट्यवधींचे यंत्र लागत नाही. सीटी असलेल्या रुग्णालयात स्ट्रोकचा फोन आला, की टेबल मोकळे ठेवणे हा एका परिपत्रकाचा विषय आहे. इंजेक्शन तातडीच्या विभागाच्या फ्रीजमध्येच ठेवायचे आणि बिल नंतर करायचे, हाही व्यवस्थापनाचा निर्णय आहे. औषध महाग, त्यात मुदत संपली तर नुकसान, म्हणून ते दुकानातून आणायला लावण्याची पद्धत पडते. रुग्णालयाच्या हिशेबात तो धोका कमी दिसतो. रुग्णाच्या मेंदूच्या हिशेबात तो वीस मिनिटांचा असतो.

न दुखणारा आजार मागे का पडतो?

स्ट्रोक बहुधा दुखत नाही. तातडीच्या विभागात अपघातातला रक्तबंबाळ तरुण असतो, छातीत कळ आलेले गृहस्थ असतात. तोंड थोडे वाकडे झालेली आजी मात्र शांतपणे बाकावर बसलेली असते. जो ओरडतो त्याच्याकडे आधी लक्ष जाते. म्हणूनच नोंदणीच्या काउंटरवरील कर्मचारी आणि दारावरील सुरक्षारक्षक यांनाही तीन खुणा ठाऊक हव्यात : तोंड वाकडे, एक हात लुळा, बोलणे अडखळते. त्यातली एक जरी अचानक दिसली तरी रांग मोडायची. अचानक तोल जाणे, एका बाजूचे दिसेनासे होणे या खुणा त्याहून सहज निसटतात.

विदर्भात त्यात आणखी एक गोंधळ आहे. एप्रिल-मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे गेला, की गळाठून पडलेल्या प्रत्येक माणसाला ‘ऊन लागले’ असे म्हटले जाते. कांद्याचा रस, पन्हे, सलाईन हे उपाय आधी होतात. ‘स्ट्रोक’ हा शब्दही इथे उष्माघातासाठी सर्रास वापरला जातो. उष्माघाताने माणूस बेशुद्ध होऊ शकतो, पण त्याने शरीराची एकच बाजू सहसा लुळी पडत नाही. अंगाची एकच बाजू गेली असेल, तर दोष उन्हाला देऊ नये.

रामदासपेठेची स्वतःची अडचण कोणती?

रुग्णालये जवळजवळ आहेत, पण प्रत्येक ठिकाणी सगळे नाही. कुठे तज्ज्ञ आहेत पण सीटी नाही, कुठे सीटी आहे पण गुठळी काढण्याची कॅथलॅब आणि ती चालवणारा चमू रात्री नाही. रुग्ण आधी ओळखीच्या दवाखान्यात जातो, तिथून ‘समोर सीटी करून आणा’ असे सांगितले जाते, तिथून फिल्म घेऊन परत, मग तिसऱ्याच रुग्णालयात. नकाशावर तिन्ही ठिकाणे पाचशे मीटरच्या आत असतात. तरी प्रत्येक वेळी स्ट्रेचर, रुग्णवाहिका, नवी नोंदणी आणि नवा डॉक्टर यात तास जातो. पहिल्या दाराची निवड म्हणूनच उपचाराइतकी महत्त्वाची ठरते.

रस्त्यांचे दुखणे जुनेच आहे. रामदासपेठ आणि धंतोली या मुळात राहण्यासाठी आखलेल्या वस्त्या. बंगल्यांच्या जागी रुग्णालये आली, रस्ते तेवढेच राहिले. धंतोलीतील पार्किंगचा प्रश्न तर रहिवाशांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत नेला. सेंट्रल बाजार रोडवर सायंकाळी दोन्ही बाजूंनी गाड्या लागल्या, की रुग्णवाहिकेला मधोमध थांबून वाट पाहावी लागते. मात्र खापर केवळ वाहतुकीवर फोडणे सोयीचे असले तरी पुरेसे नाही. मध्यरात्री रस्ते मोकळे असतात, तेव्हा तज्ज्ञ घरी आणि कॅथलॅबचा चमू बोलावण्यावर असतो.

पैशाचा प्रश्न उरतोच. इंजेक्शनचा खर्च हजारांत आणि गुठळी काढण्याचा लाखांत जातो, त्यामुळे आगाऊ रकमेची चर्चा नेमकी सगळ्यात महागड्या मिनिटांत होते. तातडीचे उपचार नाकारणे हा जगण्याच्या हक्काचा भंग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पश्चिम बंगालच्या एका प्रकरणात सांगितले होते. त्यात रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या माणसाला खाट नाही, सोय नाही म्हणत अनेक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले होते. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत तातडीच्या रुग्णासाठी आधी फोनवरून कळवून दाखल करण्याची आणि कागदपत्रे मागाहून देण्याची सोय आहे. रुग्णालय योजनेत असेल, तर नातेवाइकांनी पहिल्या पाच मिनिटांतच आरोग्यमित्राला गाठावे.

नागपूरला पोहोचण्याआधीचे तास

रुग्णालयाचे घड्याळ दारात सुरू होते, मेंदूचे त्याआधीच. भंडारा नागपूरपासून सुमारे ६० किलोमीटर आणि वर्धा ७५ किलोमीटर, म्हणजे ही गावे मुदतीत बसतात. चंद्रपूर, यवतमाळ दीडशे किलोमीटरच्या आसपास आहेत. लक्षण ओळखायला तास गेला, गाडी मिळायला अर्धा गेला, की साडेचार तासांतले फारसे उरत नाही.

गडचिरोली त्याहून पुढे. तिथल्या ‘सर्च’ संस्थेतील मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांतील मृत्यूंचा अभ्यास केला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. १,५९९ मृत्यूंपैकी २२९, म्हणजे १४.३ टक्के मृत्यू स्ट्रोकने झाले होते. त्या गावांतील मृत्यूचे ते पहिल्या क्रमांकाचे कारण होते. त्यातील ८७ टक्के मृत्यू घरीच झाले. ग्रामीण भागात मलेरिया, क्षयरोग मारतो आणि लकवा हा शहरी, खात्यापित्या माणसाचा आजार, ही समजूत त्या आकड्यांनी मोडीत काढली. या रुग्णांसाठी रामदासपेठेतील कॅथलॅब किती आधुनिक आहे, हा प्रश्नच आला नाही.

यावर उपाय हिमाचल प्रदेशाने २०१४ पासून करून पाहिला. डोंगराळ राज्य, मेंदूविकारतज्ज्ञ मोजके आणि तेही शिमला, टांडा येथील वैद्यकीय महाविद्यालयांत. म्हणून सीटी असलेल्या जिल्हा रुग्णालयांतील डॉक्टरांना प्रशिक्षण दिले गेले. ते स्कॅनचा फोटो स्मार्टफोनवरून तज्ज्ञांना पाठवतात आणि सल्ला मिळाला, की तिथेच इंजेक्शन देतात. औषध सरकारकडून मोफत. रुग्णाला आधी औषध द्यायचे आणि गरज असली तरच मोठ्या शहरात हलवायचे, हा त्यातला मुद्दा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीसाठी हा नमुना दूरचा वाटू नये. तज्ज्ञ नागपुरात आहेत, फोन सर्वांकडे आहे.

औषधही आता या पद्धतीला सोयीचे झाले आहे. जुने अल्टेप्लेज तासभर सलाईनमधून द्यावे लागते, त्यामुळे रुग्ण हलवताना पंप सांभाळावा लागतो. टेनेक्टेप्लेज एकाच झटक्यात टोचून देता येते. पुण्यातील जेनोव्हा कंपनी ते बनवते आणि भारतात स्ट्रोकसाठी त्याला अनेक वर्षांपासून मान्यता आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने टेनेक्टेप्लेजला स्ट्रोकसाठी मान्यता दिली ती मार्च २०२५ मध्ये.

राज्याची १०८ रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनी सुरू झाली. त्यातील २३३ गाड्या प्रगत जीवरक्षक यंत्रणेच्या होत्या. या गाड्यांत डॉक्टर असतो. ‘स्ट्रोकचा संशय, साडेनऊला सुरू, पंधरा मिनिटांत पोहोचतो’ एवढा एक फोन त्याने रुग्णालयाला केला, तरी हेलसिंकीतील पहिला बदल नागपुरात घडू शकतो. खासगी गाडीने निघालेल्या नातेवाइकांनाही हा फोन करता येतो.

चांगले रुग्णालय ओळखायचे कसे?

दार ते सुई हा वेळ जाहीर करणे आपल्याकडे कोणत्याही रुग्णालयावर बंधनकारक नाही. पण तो मोजता येतो. जागतिक स्ट्रोक संघटनेच्या पुरस्कारांसाठी रुग्णालये अशा नोंदी पाठवतात. त्यातील सर्वोच्च ‘डायमंड’ दर्जासाठी उपचार मिळालेल्यांपैकी किमान ७५ टक्के रुग्णांना ६० मिनिटांत आणि ५० टक्के रुग्णांना ४५ मिनिटांत उपचार मिळावे लागतात. आकडा मागताना सरासरीवर समाधान मानू नये. एखाद-दोन रुग्णांना वीस मिनिटांत औषध मिळाले, की सरासरी छान दिसते. निम्म्या रुग्णांना किती मिनिटांच्या आत मिळाले आणि रात्री दहानंतर आलेल्यांचे काय, हे विचारावे.

घरात रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाच्या अनियमित ठोक्यांचा रुग्ण असेल, तर चौकशी आजच करून ठेवता येते. जवळच्या कोणत्या रुग्णालयात २४ तास सीटी आहे, इंजेक्शन तिथेच मिळते का, गुठळी काढण्याची सोय रात्री आहे का, तातडीच्या विभागाचा थेट नंबर कोणता. नसेल तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे मेडिकल, मेयो किंवा मिहानमधील एम्स यांपैकी घरापासून कोणते सोयीचे, हेही पाहून ठेवावे.

प्रत्यक्ष प्रसंगात काही गोष्टी टाळायच्या. अ‍ॅस्पिरिन देऊ नये, कारण स्ट्रोक रक्तस्रावाचा असेल तर ती घात करते आणि ते सीटीशिवाय कळत नाही. रक्तदाब वाढलेला दिसला म्हणून घरची गोळी जास्तीची देऊ नये. पाणी, चहा पाजू नये, गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जाते. मालिश, जडीबुटी यांत घालवलेला तास परत मिळत नाही.

दारात डॉक्टर जे विचारतील ते फोनमध्ये आधीच लिहून ठेवलेले बरे. रुग्ण धडधाकट असल्याचे शेवटचे कुणी आणि किती वाजता पाहिले. झोपेतून उठताना लक्षण दिसले असेल, तर झोपायला गेल्याची वेळ. रक्त पातळ करणारी गोळी सुरू आहे का आणि शेवटची कधी घेतली. अलीकडे शस्त्रक्रिया किंवा रक्तस्राव झाला होता का. शुगरची औषधे कोणती, कारण साखर फार उतरली तरी चित्र स्ट्रोकसारखेच दिसते. आणि रुग्णाचे वजन. इंजेक्शनचा डोस किलोवर ठरतो, आणि लुळ्या माणसाला वजनकाट्यावर उभे करता येत नाही.